कुत्र्याचं पथ्य

मला भाषण करायची खोड आहे. मास्तरकी केली म्हणून ती लागली, की ती होती म्हणून मी मास्तर झालो, हे आता या वयात सांगता यायचं नाही. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं मी वऱ्हाडात, धनजजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि मास्तर एकटा मी. दिवसभर पोरांपुढे बोलून माझं भागत नसे, म्हणून शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्या माणसांपुढेही बोलायचो. आठवड्याच्या शिळ्या वर्तमानपत्रात जे हाताला लागेल तो विषय. जपानातली भातशेती, दातांची निगा, भुतं का नसतात. लोक निमूट ऐकत. काही जण ऐकता ऐकता झोपत, पण उठून कोणी जात नसे, आणि एवढ्यावरच मी खूश असायचो.

आमच्या घरी कुत्रा आला तोही भाषणामुळेच.

कापसाचा हंगाम होता. शाळेसाठी पाट्या-पेन्सिली आणायला मी कारंज्याला गेलो होतो. कापसाच्या एका गोदामाच्या आवारात भरलेल्या गाडीचं चाक एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायावरून गेलं. कुत्रा तिथलाच होता, जन्मभर त्यानं त्या गोदामाची राखण केली होती. दोन हमालांनी त्याला मागच्या पायांना धरून उचललं आणि नाल्यात टाकायला निघाले. मी आडवा झालो. मुकं जनावर, त्याची चाकरी, माणसाचा कृतघ्नपणा, असं सगळं घेतलं. भोवती माणसं गोळा झाली तसा मला आणखी चेव आला. पाव तास तरी बोललो असेन. हमालांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुत्रा हळूच माझ्या पायाशी ठेवला.

"तुमचं बराबर हाय मास्तर," त्यातला एक म्हणाला. "घेऊन जा मंग."

जमलेल्या माणसांनीही माना डोलावल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाट्यांची पेटी एका बाजूला आणि रक्तानं भरलेला कुत्रा दुसऱ्या बाजूला असा मी घरी आलो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको. तिनं पाट्यांकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग माझ्याकडे. खाली बसून तिनं कुत्र्याचं तोंड उघडून आत पाहिलं.

"याचे दात पाह्यले काय तुमी?"

"दात कशाला पाहायचे?"

"निम्मे नाईत. चार दिवसांचा पाहुना हाय. नाव-गिव ठेवू नका याचं."

मी वाटेत त्याच्यासाठी दोन भारदस्त नावं काढून ठेवली होती, ती तशीच राहिली. चार दिवसांचा पाहुणा दोन वर्षं झाली तरी गेला नाही. नाव मात्र नाहीच पडलं. गावाच्या लेखी तो 'मास्तरचं कुत्रं' होता. माझी बायको त्याच्याबद्दल बोलताना 'तुमचं कुत्रं' म्हणायची, आणि तेही त्यानं काही नासधूस केली तरच.

पाय वाकडा का होईना, पण बरा झाला. गोदामातली सवय मात्र गेली नाही. त्याला राखण ठाऊक होती ती मालाची. माणूस घरात आला तर तो मान वर करून पाहायचाही नाही, चोर आला असता तरी पाहिलं नसतं. पण बाहेर जाणाऱ्याच्या हातात काही दिसलं की उंबऱ्यावर आडवा व्हायचा आणि गुरगुरायचा. शेजारणी वाटीभर तेल, पसाभर पीठ उसनं न्यायला यायच्या त्या आतच अडकायच्या. महिन्याभरात त्यांचं येणं बंद झालं. याचा माझ्या बायकोला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट त्या महिन्यापासून ती त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापायला लागली. ही गोष्ट मी पाहिली, पण तिचा अर्थ लावला नाही. अर्थ लावायचं काम मी पारावर करत असे, घरात नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, त्यानं खाणं सोडलं. आधी मला वाटलं, म्हातारपण आहे, आणि बायकोला जास्त खाऊ घालण्याचे तोटे समजावून सांगितले. दोन दिवसांनी त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. ओठ वर करून पाहिले तर हिरड्या हळद लावल्यासारख्या झाल्या होत्या. लघवीला केशरी रंग आला होता. धनजला गुरांचे डॉक्टर फेरीवर आले होते. मी त्याला घोंगडीत गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पापणी ओढली, पोट दाबलं आणि हात धुतले.

"कावीळ. खूप झालीय. म्हातारा आहे, तीन-चार दिवस काढील."

"औषध?"

"मास्तर, मी गुरांचा डॉक्टर. याच्यावर माझ्याकडे काही नाही. पाणी पाजा आणि पडू द्या."

मी तेच तीन वेळा विचारलं आणि त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. त्यांचा दोष नव्हता. परत येताना वाटेत मला रडू आलं. गाडीवान म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि मला रडण्याचा आवाज लपवता यावा म्हणून उगाचच बैलांवर ओरडत राहिला. तो कुत्रा मला हवा होता. तो मरू नये एवढंच मला वाटत होतं.

आता माझी खरी पंचाईत सांगतो.

आमच्या भागात कावीळ झाली की कोणी डॉक्टरकडे जात नसे, माळ घालायला जात. दोन कोसांवरच्या वस्तीत एक म्हातारा होता, त्याची तेलाची घाणी होती. तो कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे सुतात गुंफून माळ करी आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवी. टाळूवर बसेल एवढी लहान माळ. ती रोज थोडी थोडी वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली उतरते. जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते, आणि माळ अंगावरून पडली की माणूस बरा. म्हातारा पैसे घेत नसे. बरं वाटल्यावर एक नारळ न्यायचा, एवढंच.

या माळेवर मी आदल्याच उन्हाळ्यात पारावर भाषण ठोकलं होतं. नुसतं भाषण नाही, प्रयोग करून दाखवला होता. ढिल्या गाठींच्या सुतात तुराटीचे तुकडे ओवून मी तशीच माळ केली आणि शाळा सुटल्यापासून स्वतःच्या डोक्यावर घालून बसलो. भाषण संपेपर्यंत ती माझ्या नाकावर आली होती. "गाठी सैल होतात म्हणून माळ वाढते," मी म्हणालो. "मला कुठे कावीळ झालीय?" लोक हसले. मी फार खूश झालो. तेवढ्यात मागच्या बाजूला घोंगडीवर बसलेला एक म्हातारा उठला. घाणीवालाच तो. कोणाच्या तरी लग्नाला गावात आला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या माळेनं कोनाची कावीळ गेली काय?"

लोक पुन्हा हसले, आधीपेक्षा जास्त.

तर कुत्र्याला घेऊन मी धनजहून परत आलो आणि डॉक्टर काय म्हणाले ते बायकोला सांगितलं. ती चुलीपाशी होती. मागं न वळता म्हणाली, "घाणीवाल्या बाबाकडे न्या त्याले."

"मी?"

"नाई तं मले गाडी करून द्या."

मी खाली बसलो आणि तिला समजावायला लागलो. गाठी कशा सैल होतात, यकृत म्हणजे काय, बरे होणारे असेही बरे होतात आणि नाव माळेचं होतं. मी घरात बोलायला लागलो की कुत्रा दर वेळी उठून अंगणात जाऊन बसायचा. आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांची ती ठरलेली गंमत होती. त्या दिवशी तो उठला नाही. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली टाकली. माझं बोलणं तिथंच बंद पडलं.

रविवारी मी शेजाऱ्याचा छकडा मागून आणला. गाडीवान बरोबर घेतला नाही, बोभाटा नको म्हणून. कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून वरून कडबा टाकला आणि चार लोकांना "चारा पोचवायला चाललो" असं सांगितलं. रविवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून चारा पोचवणारा मास्तर गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं गाढवच हरीकडे निघालं होतं.

घाणीच्या आवारात पंधरा-वीस माणसं उकिडवी बसली होती, सगळी पिवळी. एका बाजूला डोळे बांधलेला बैल घाणीभोवती फिरत होता. म्हातारा एकेकाच्या डोक्यावर माळ ठेवत होता. मी त्याच्या कानाशी जाऊन शुद्ध भाषेत म्हणालो, "एक माळ हवी होती. रुग्णाला उठवत नाही. घरी नेऊन घालीन."

"तसं नाई जमत. माळ माह्या हातानं बसली पाह्यजे. कुठं हाय मानूस?"

"गाडीत."

तो उठून छकड्यापाशी आला. त्याच्यामागून, ज्यांना उठता येत होतं ती पिवळी माणसंही आली. त्यानं कडबा बाजूला केला, घोंगडी उचलली. मी जमिनीकडे पाहत उभा होतो. आता तो उन्हाळ्यातलं सगळं व्याजासकट काढील असं मला वाटलं. त्यानं कुत्र्याच्या हिरड्या पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाला, "मांगा."

"काय?"

"माळ मांगून घ्या लागते. रोग्यानं आपल्या तोंडानं मांगाची. याले बोलता येत नाई, तुमाले येते."

वीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. कोणत्याही विषयावर दोन तास बोलणारा मी, मला चार शब्द सापडेनात. "मले," मी म्हणालो, "माह्या कुत्र्याले माळ द्या बाबा." माझी शुद्ध भाषा त्या दिवशी कडब्याखालीच राहिली.

म्हाताऱ्यानं माळ कुत्र्याच्या डोक्यावर, दोन्ही कानांच्या मधोमध बसवली. मग पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही, तिखट नाही, तूप नाही, वांगं तर मुळीच नाही. माळ पडेपर्यंत. जन्मभर तेल गाळणारा माणूस दुसऱ्यांना तेल बंद करायला सांगत होता.

"पण हा काहीच खात नाही," मी म्हणालो.

"तं मंग पथ्य तुमाले पाळा लागन. ज्याचं जनावर, त्याचं पथ्य."

मला वाटलं, हा आता सूड घेतोय. मी भोवतालच्यांकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. एक पिवळा म्हातारा म्हणाला, "माह्या बैलाले कावीळ झालती तवा म्या येक मयना अळनी खाल्लं. बैल हाय अजून." बाकीच्यांनी हुंकार भरला. त्यांच्या दृष्टीनं हे उघड होतं. जनावराला पथ्य समजत नाही, मालकाला समजतं, तेव्हा ते मालकानं पाळायचं.

घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं आणि सांगताना दोनदा हसून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि तिखटाचा डबा फडताळात वर ठेवून दिला.

वऱ्हाडी माणसाला तेल-तिखटाशिवाय जेवायला घालणं म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे भाजीवर तेल तरंगलं नाही तर बाई आजारी आहे का असं विचारतात. मला मिळायला लागलं ते असं: ज्वारीची भाकर, मुगाचं पाणी, आणि ताक. दुसऱ्या दिवशीही ज्वारीची भाकर, मुगाचं पाणी, आणि ताक. तिसऱ्या दिवशी मी वर्गात एका पोराच्या भाकरीच्या धडप्यातून ठेच्याचा वास आला म्हणून त्याला उगाच उभं केलं. गाव तर माझी वाटच पाहत होतं. चारा पोचवण्याची बातमी मी परतायच्या आधीच पोचली होती. "मास्तर, माळ कुठवर आली?" पारावर, विहिरीवर, शाळेच्या दारात, सगळीकडे तेच. शनिवारी मी पाराकडे फिरकलो नाही.

माळ चौथ्या दिवशी घसरून एका कानावर आली. सहाव्या दिवशी गळ्यात पडली. कुत्रा मात्र होता तसाच. बायको त्याच्या अंगावरचे गोचीड रॉकेलच्या बोळ्यानं एकेक करून काढत बसायची, ताकात बोटं बुडवून त्याच्या जिभेला लावायची, मुगाचं पाणी कापसाच्या बोळ्यानं पाजायची. मी शेजारी बसून त्याच्याकडे पाहायचो. आता डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून गेली होती, आणि मनातल्या मनात मी त्याचं श्रेय माझ्या मुगाच्या पाण्याला द्यायला लागलो होतो.

नवव्या दिवशी गावच्या पाटलांकडे रोडग्यांचं जेवण निघालं. त्यांचा कसलासा नवस फिटला होता. शेतातल्या देवळापाशी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत सकाळपासून कणकेचे जाड रोडगे भाजणं चाललं होतं. आख्ख्या गावाला आवतण होतं.

"तू येत नाहीस?" मी बायकोला विचारलं.

"याच्यापाशी कोन बसन? तुमी जाऊन या. नुसतं पाय लावून या."

मी नुसता पाय लावायलाच गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. पण पंगतीत बसलो आणि समोर द्रोणात वांग्याची भाजी आली, वर बोटभर तेल. कोणीतरी गरम रोडगा माझ्या पत्रावळीवर फोडला आणि त्यावर तूप ओतलं. माझ्या डोक्यात भाषण सुरू झालं. मी म्हणालो, अरे, तू कोण? ज्यानं पारावर उभं राहून माळेचा फोलपणा सिद्ध केला तो. वांगं तुझ्या पोटात गेलं तर कुत्र्याच्या यकृताला काय होणार? आज तू हे खाल्लं नाहीस तर गाव म्हणेल, मास्तर झुकला. तेव्हा विवेकासाठी, ज्ञानासाठी, पुढच्या पिढीसाठी हे खाल्लं पाहिजे. मी पुढच्या पिढीसाठी चार रोडगे खाल्ले. भाजी तीनदा मागून घेतली. निघताना पाटलीणबाईंनी माझ्या बायकोसाठी दोन रोडगे आणि द्रोणभर भाजी उपरण्यात बांधून दिली.

चार वाजता घरी आलो तर कुत्रा अंगणात आडवा पडला होता, पाय ताठ, डोळे अर्धे उघडे. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"दुपारपासून पानीबी घेत नाई," ती म्हणाली. "आंग गार पडून राह्यलं."

दुपारपासून म्हणजे मी पहिला घास घेतला तेव्हापासून. माझा विवेक, ज्ञान आणि पुढची पिढी कुठल्या कुठे गेली. मी उपरण्याची गाठोडी तिच्याजवळ ठेवली, "तुझ्यासाठी दिलंय" एवढंच म्हणालो, आणि मागच्या कुंपणाकडे पळालो. राखेनं तीन वेळा हात धुतले, तरी वांग्याचा वास जाईना. मग मी घशात बोटं घातली. झालेलं परत काढून टाकलं तर अजून वेळ गेली नसेल, असं मला मनापासून वाटत होतं. पण तुपात भिजलेला रोडगा एकदा पोटात बसला की बसला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही आलं नाही. कुंपणापलीकडून शेजारीण पाहत होती. "मास्तर, तुमालेबी कावीळ झाली काय?" तिनं विचारलं.

त्या रात्री मी जेवलो नाही. कारण सांगितलं नाही आणि बायकोनं विचारलंही नाही. कुत्र्याला आत घेऊन चुलीच्या उबेला ठेवलं. मी त्याच्याजवळ बसून त्याची मनापासून माफी मागितली. नुसतं मनात म्हणून भागणार नाही असं वाटलं, म्हणून हळू आवाजात बोलून मागितली.

पहाटे मला जाग आली तेव्हा कुत्रा जागेवर नव्हता. दार किलकिलं होतं. मरणारं कुत्रं घर सोडून जातं, आडोसा धरतं, हे मला ठाऊक होतं. मी तसाच अनवाणी बाहेर पडलो. नाल्याच्या काठानं पाहिलं, शाळेमागे पाहिलं, तुरीच्या शेतात ओळीओळीनं वाकून पाहिलं. सूर्य वर आला. मला तो कुठेच सापडला नाही. त्याला पुरायची जागा मी येताना मनात ठरवून टाकली होती.

घरी आलो तर स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं मला हातानं गप्प राहायला सांगितलं. आत चुलीमागची टोपली उलटी पडली होती, उपरणं पसरलं होतं, आणि कधीतरी परत आलेला कुत्रा, रात्री तिनं भाजी काढून ठेवली होती त्या लहान पातेल्यात तोंड घालून उभा होता. चारही पायांवर उभा, थरथरत. पातेल्याच्या काठात अडकून माळ त्याच्या गळ्यातून निघाली होती आणि भाजीच्या तेलात पडली होती. दोन्ही रोडगे संपले होते. तो भाजीचा तळ चाटत होता.

थोड्या वेळानं त्यानं निम्मं ओकून टाकलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि झोपला. दुपारी उठून पुन्हा मागायला लागला. आठ-दहा दिवसांत हिरड्यांचा पिवळेपणा गेला. पुढच्या महिन्यात गुरांचे डॉक्टर गावात आले तेव्हा त्याला पाहायला मुद्दाम घरी आले आणि त्यांना विश्वासच बसेना. मी त्यांना लांबण लावून समजावलं असतं, पण मला काय झालं तेच ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी औषधांची पिशवी उचलली तसा कुत्रा उंबऱ्यावर आडवा झाला. पिशवी खाली ठेवून त्यांना दोन कप चहा प्यावा लागला.

तो आणखी तीन हिवाळे जगला.

मी मात्र अपराधी होतो. एका रविवारी नारळ घेऊन घाणीवाल्या म्हाताऱ्याकडे गेलो आणि सगळं कबूल केलं, चारही रोडग्यांसकट. म्हातारा हसला नाही. त्यानं नारळ हातात घेऊन हलवून पाहिला.

"माळ उतरली ना?"

"उतरली."

"मंग पथ्य मोडलं नसन. कोनी तरी पाळलंच असन. घरात आनखी कोन हाय?"

घरी पोचेपर्यंत दोन कोस मी त्याच प्रश्नाला लटकलो होतो. संध्याकाळ झाली होती. बायको भाकरी थापत होती, कुत्रा तिच्या पाटाला टेकून पडला होता.

"ते रोडगे तुझ्यासाठी होते," मी म्हणालो. "तू खाल्ले का नाहीस?"

"पथ्य होतं."

"पथ्य माझं होतं."

"तुमी मोडसान, हे मले पह्यल्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस, तू पाळतेस म्हणून?"

"सांगतलं असतं तं तुमी त्याच दिवशी सोडलं असतं." तिनं भाकर उलटली. "दोघांतून येकानं तरी पाळाचं होतं. तुमी शाळेत जाता, पारावर जाता. दिवसभर माह्यापाशी हाच बसते."

ती हे काही रागानं म्हणाली नाही. नऊ दिवस ती बिनतेलाचं, बिनतिखटाचं खात होती आणि मला पत्ता नव्हता. पत्ता कसा असणार? ती माझ्यामागून जेवायची. माझं झालं की मी हात धुऊन ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि ती रोज काय खाते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी उठलो नाही. ती दोनदा "उठा ना" म्हणाली. मी बसून राहिलो. शेवटी तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं. एक करपलेली भाकर, पातेल्याच्या तळाची भाजी आणि मीठ.

"रोज असंच असतं?" मी विचारलं.

"कसं?" तिनं विचारलं, आणि भाकर मोडून निम्मी कुत्र्यापुढे ठेवली.